'पा द व्हाग' शिक्षकांना दाखवावा का, आणि दाखवल्यावर काय बोलावे

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपल्या फिल्म सोसायटीने शिक्षक-सभासदांसाठी 'पा द व्हाग' हा फ्रेंच चित्रपट निवडला आहे. एका शिक्षिका-सभासदांचे म्हणणे आहे की, विद्यार्थिनीच्या आरोपामुळे निर्दोष शिक्षक उद्ध्वस्त होतो अशी कथा दाखवल्यास, आधीच भीत-भीत बोलणाऱ्या मुलींच्या तक्रारींकडे अधिकच संशयाने पाहिले जाईल. उलट एका निवृत्त मुख्याध्यापकांना हा चित्रपट दाखवायलाच हवा असे वाटते, कारण त्यांच्या मते हल्ली शिक्षकाचा वाली कोणी उरलेला नाही. चित्रपट खरोखर शिक्षकाची बाजू घेतो का, तो दाखवावा का आणि चर्चा कशी घ्यावी, असे तीन प्रश्न आपण केले आहेत. मी बरीच वर्षे फिल्म सोसायटीतील चर्चा चालवत आलो आहे, त्यांतील काही अध्यापक महाविद्यालयांत झाल्या आहेत, आणि हा चित्रपटही मी शिक्षकांबरोबर बसून पाहिला आहे. त्या अनुभवाच्या आधारे लिहितो.

माझे उत्तर 'दाखवावा' असे आहे. मात्र त्याला काही अटी आहेत आणि त्या आपल्या गावातील परिस्थितीवर अवलंबून आहेत. त्यांच्याकडे शेवटी येतो. आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या दोन्ही सभासदांचे मत परस्परविरुद्ध दिसत असले, तरी दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे 'खरे कोण बोलते आणि खोटे कोण' हा या चित्रपटाचा विषय आहे. चर्चा या प्रश्नावर सुरू झाली की सभागृहाचे दहा मिनिटांत दोन तट पडतात आणि त्यानंतर चित्रपटाबद्दल कोणी बोलतच नाही. प्रत्येक जण आपल्या ऐकिवातील एखादे प्रकरण सांगू लागतो. आपली खरी अडचण ही आहे. चित्रपट निवडण्यापेक्षा चर्चेचा पहिला प्रश्न निवडणे अधिक अवघड आहे.

चित्रपटाची माहिती थोडक्यात देतो. तेदी ल्युसी-मोदेस्त यांनी दिग्दर्शित केलेला, साधारण दीड तासाचा हा चित्रपट फ्रान्समध्ये मार्च २०२४ मध्ये प्रदर्शित झाला आणि इतरत्र तो 'द गुड टीचर' या नावाने दाखवला गेला. दिग्दर्शकाने स्वतः फ्रेंचचा शिक्षक म्हणून काम केलेले आहे आणि त्याच्यावर आलेल्या अशाच एका आरोपाच्या अनुभवातून ही पटकथा उभी राहिली आहे. ती लिहिताना त्याच्याबरोबर ओद्रे दिवान होती, जिच्या स्वतःच्या चित्रपटाला २०२१ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण 'पुरुषाने पुरुषाच्या सोयीसाठी रचलेली गोष्ट' असा आक्षेप चर्चेत हमखास येतो. त्या आक्षेपात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, परंतु पटकथेवर दोन हात फिरलेले आहेत एवढे तरी चर्चा चालवणाऱ्याला ठाऊक असावे.

कथा 'कोलेज'मध्ये घडते. कोलेज म्हणजे अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांची शाळा, आपल्याकडील सहावी ते नववीच्या आसपासची. ज्युलियँ हा तरुण, उत्साही शिक्षक आहे. ही भूमिका फ्रांस्वा सिव्हिल याने केली आहे. मुलांना भाषेची गोडी लागावी म्हणून तो थोडी अधिक जवळीक ठेवतो, काही विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष देतो, त्यांना शाळेबाहेर खाऊही घालतो. त्यांच्यात लेस्ली नावाची एक बुजरी मुलगी आहे, वय तेरा. वर्गात सोळाव्या शतकातील कवी पिएर द रोंसार याची एक प्रसिद्ध कविता चाललेली आहे. फ्रान्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या शाळेत शिकवली जाणारी ही कविता एका तरुणीला उद्देशून आहे : सकाळी उमललेला गुलाब संध्याकाळी कोमेजतो, तेव्हा तारुण्य आहे तोवर त्याचा उपभोग घे, असे कवी तिला सुचवतो. स्तुती करून मन वळवण्याची ही रीत समजावताना ज्युलियँ उदाहरणादाखल लेस्लीला उद्देशून दोन कौतुकाचे शब्द बोलतो. वर्गात हशा पिकतो, कुजबुज सुरू होते. पुढे लेस्ली एक पत्र देते आणि शिक्षकाची आपल्यावर नजर आहे असा आरोप त्यातून उभा राहतो.

हा वर्गातील प्रसंग माझ्या मते सगळ्या चित्रपटाचा पाया आहे आणि चर्चेचा बराच वेळ त्यालाच द्यावा. ज्युलियँने काही गैर केलेले नाही, हे प्रेक्षकाला दिसते. पण त्याने काहीच केलेले नाही असेही म्हणता येत नाही. एक प्रौढ पुरुष, त्याच्या हातात वर्गाची सगळी सत्ता, समोर शृंगाराची कविता, आणि त्या कवितेचे उदाहरण म्हणून तो सर्वांसमक्ष एका तेरा वर्षांच्या मुलीच्या दिसण्याकडे लक्ष वेधतो. त्याच्या मनात तो अलंकाराचा पाठ आहे. तिच्या कानावर काय पडले आणि मागच्या बाकांवरून तिला काय ऐकवले गेले, हे वेगळे आहे. आपल्याकडे संस्कृतच्या तासाला 'मेघदूता'तील काही श्लोक शिकवताना शिक्षक घसा खाकरून पुढच्या श्लोकाकडे जातात, ते दृश्य ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या प्रसंगातील अवघडलेपण सांगावे लागणार नाही. ज्युलियँ पुढे जात नाही, कारण तो चांगला शिक्षक आहे. कविता जिवंत व्हावी असे त्याला वाटते. चांगल्या शिकवण्याचे आणि असावधपणाचे मूळ इथे एकच आहे, आणि ही गोष्ट शिक्षक-प्रेक्षकांना सर्वांत अस्वस्थ करते.

लेस्ली ही कट रचणारी मुलगी नाही, हेही इथेच स्पष्ट होते. तिला जे वाटले त्यात वर्गमित्रांच्या बोलण्याचा वाटा मोठा आहे. आधी इतर मुले अर्थ लावतात, तो अर्थ तिच्या गळ्यात पडतो, आणि एकदा तो कागदावर उतरल्यावर तिला मागे फिरता येत नाही, कारण आता घरचे, भाऊ, वर्ग आणि कार्यालय असे सगळेच त्या कागदाला धरून बसलेले असतात. जाणूनबुजून केलेली खोटी तक्रार आणि प्रामाणिकपणे झालेला गैरसमज यांत कायद्याच्या आणि माणुसकीच्या दृष्टीने फार अंतर आहे. आपल्या निवृत्त मुख्याध्यापकांना मी आदरपूर्वक एवढेच विचारेन की, त्यांच्या मनात असलेल्या प्रकरणांपैकी किती पहिल्या प्रकारची होती आणि किती दुसऱ्या.

आता शाळेकडे वळू. आरोपाला वावटळीचे रूप येते ते शाळेच्या वागण्यामुळे. चित्रपटाच्या नावाचा आशय 'तरंग उठू देऊ नका', म्हणजे 'गाजावाजा नको' असा आहे, आणि त्या नावाला फ्रान्समध्ये इतिहास आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये पॅरिसजवळील क्रेतेय येथील एका शाळेत एका विद्यार्थ्याने शिक्षिकेवर नकली पिस्तूल रोखून 'माझी हजेरी लावा' असे बजावल्याची चित्रफीत पसरली. त्यानंतर देशभरातील शिक्षकांनी समाजमाध्यमांवर 'पा द व्हाग' हेच शब्द वापरून आपापले अनुभव लिहिले. वर्गात काही घडले की वरिष्ठ ते मिटवून टाकायला सांगतात, नोंद होऊ देत नाहीत आणि शिक्षकाला एकटे सोडतात, असा त्या तक्रारींचा सूर होता. म्हणजे २०२४ मध्ये तिकीट काढून बसलेल्या फ्रेंच प्रेक्षकाला नाव वाचूनच कळत होते की बोट कोणाकडे दाखवले आहे. आपल्या प्रेक्षकांना हे चित्रपटापूर्वी दोन वाक्यांत सांगावे. एरवी ते नाव त्यांना नुसतेच काव्यमय वाटेल.

मुख्याध्यापकाने काय करायला हवे होते, या प्रश्नाला फ्रान्सच्या कायद्यात बऱ्यापैकी उत्तर आहे, आणि ते माहीत असल्याशिवाय चित्रपटातील टाळाटाळीचे वजन कळत नाही. तेथील फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४० नुसार, कर्तव्य बजावताना एखाद्या गंभीर गुन्ह्याची माहिती मिळालेल्या सरकारी कर्मचाऱ्याने ती विनाविलंब सरकारी अभियोक्त्याला कळवली पाहिजे. गंभीर आरोप असलेल्या कर्मचाऱ्याला तात्पुरते कामावरून दूर ठेवता येते. सर्वसाधारणपणे चार महिन्यांपर्यंत, वेतन चालू ठेवून, आणि ती शिक्षा मानली जात नाही. शिवाय कामामुळे धमक्या किंवा हल्ले सोसावे लागलेल्या कर्मचाऱ्याला संरक्षण देण्याचे, गरज पडल्यास वकिलाचा खर्च करण्याचे, दायित्व शासनावर असते. थोडक्यात, मुलीचे म्हणणे नीट ऐकून घेण्याचा, शिक्षकाला काही काळ बाजूला ठेवण्याचा आणि त्याच वेळी त्याचे रक्षण करण्याचा मार्ग कागदावर उपलब्ध आहे. चित्रपटातील शाळा यांपैकी कोणतीच गोष्ट धडपणे करत नाही. ज्युलियँ त्याच वर्गाला शिकवत राहतो, लेस्ली त्याच वर्गात बसत राहते, आणि सगळे काही आपोआप निवेल या आशेवर दिवस ढकलले जातात. मुलीच्या मोठ्या भावाकडून धमक्या येऊ लागतात तेव्हा पोलिसांत जाण्याचा निर्णय ज्युलियँला स्वतःच घ्यावा लागतो, आणि तो निर्णयही सहकाऱ्यांना खटकतो.

सहकारी हा भाग माझ्या अनुभवात शिक्षक सर्वांत जास्त ओळखतात. शिक्षक-खोलीत सुरुवातीला सगळे त्याच्या बाजूने असतात. मग कोणी म्हणते, मुलीचेही ऐकले पाहिजे. कोणाला आठवते की तो मुलांत जरा जास्तच मिसळतो. कोणाला पोलिसांत जाणे आवडत नाही, कारण उपनगरातील गरीब घरातील पोरांवर पोलीस सोडणे त्यांच्या तत्त्वात बसत नाही. यातील एकही माणूस दुष्ट नाही, प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, आणि तरी शेवटी ज्युलियँ एकटा पडतो. दिग्दर्शकाने हे सारे आरडाओरडा न करता दाखवले आहे आणि मला चित्रपटाचा हा सर्वांत परिपक्व भाग वाटतो.

या ठिकाणी आणखी एक संदर्भ टाळता येणार नाही. १६ ऑक्टोबर २०२० रोजी कोंफ्लाँ-सँत-ओनोरीन येथील शाळेत शिकवणाऱ्या साम्युएल पाती या इतिहासाच्या शिक्षकाची हत्या झाली. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या पाठात व्यंगचित्रे दाखवताना शिक्षकाने मुस्लिम विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर जायला सांगितले, असे एका तेरा वर्षांच्या मुलीने घरी सांगितले होते. प्रत्यक्षात ती त्या तासाला हजरच नव्हती. वडिलांनी समाजमाध्यमांवर चित्रफिती टाकल्या आणि काही दिवसांत, त्या शाळेशी काहीही संबंध नसलेल्या एका अठरा वर्षांच्या तरुणाने शिक्षकाचा जीव घेतला. डिसेंबर २०२३ मध्ये बाल-न्यायालयाने त्या मुलीला खोट्या आरोपाबद्दल दोषी ठरवून स्थगित कारावासाची शिक्षा दिली. चित्रपटाची कथा या घटनेवर आधारलेली नाही आणि आरोपाचे स्वरूपही निराळे आहे. पण भाऊ शाळेच्या फाटकापाशी येऊन उभा राहतो तेव्हा फ्रेंच प्रेक्षकाच्या मनात काय चालले असेल, हे आपल्या प्रेक्षकाला कळावे. त्याचबरोबर चर्चा 'त्या वस्तीतील लोक' या दिशेने घसरू लागली, तर ती तिथेच थांबवावी लागते. मी अशा वेळी इतकेच विचारतो की, हा भाऊ शाळेत आला त्याआधी शाळेतून त्याच्या घरी कोण गेले होते?

आता आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. चित्रपट शिक्षकाची बाजू घेतो का? काही प्रमाणात घेतो. कॅमेरा बहुतेक वेळ ज्युलियँबरोबर असतो, त्यामुळे त्याची भीती, त्याचा संताप, त्याची झोपमोड आपण जवळून पाहतो. लेस्लीच्या वाट्याला तेवढा वेळ येत नाही. तिच्या घरात त्या पत्रानंतर काय झाले असेल, हे आपल्याला बरेचसे अंदाजाने भरून काढावे लागते. उत्तरार्धात संकटांची गर्दी होते आणि चित्रपट रहस्यपटाच्या वेगाने धावू लागतो. तिथे विचाराला मिळणारी जागा कमी होते, असे माझे मत आहे. शाळेच्या बाबतीत चित्रपट कठोर आणि न्याय्य आहे, लेस्लीच्या बाबतीत तो सहृदय आहे पण अपुरा आहे. आपल्या शिक्षिका-सभासदांच्या आक्षेपाचा एवढा भाग मला मान्य आहे, आणि चर्चेच्या सुरुवातीलाच तो मान्य करून टाकावा.

याच संदर्भात एक नाजूक भाग आहे. ज्युलियँचा जोडीदार पुरुष आहे आणि ही गोष्ट त्याने शाळेत उघड केलेली नाही. बहुतेक सभागृहांत कोणीतरी लगेच म्हणते, 'मग त्याने ते सांगून टाकावे, प्रश्न मिटेल!' हा उद्गार येऊ द्यावा आणि मग त्यावर थांबावे. निर्दोष ठरण्यासाठी माणसाने आपले खासगी आयुष्य कार्यालयात मांडावे का, मांडले तरी त्याने आरोप खरोखर खोटा ठरतो का, आणि जो विवाहित नाही, ज्याच्याकडे असा कोणताही 'पुरावा' नाही, त्या शिक्षकाने काय करावे, हे प्रश्न त्यातून निघतात. आपल्या सभासदांपैकी काहींना हा विषयच अडचणीचा वाटेल. ते आधी ठाऊक असले तर चर्चा-संचालकाची तारांबळ होत नाही.

वेळ असेल तर या चित्रपटाच्या जोडीला एक जुना फ्रेंच चित्रपट दाखवावा, निदान त्याच्याबद्दल सांगावे. आंद्रे कायात यांचा 'ले रिस्क द्यु मेतिए' १९६७ चा. कायात मूळचे वकील, आणि न्यायव्यवस्थेबद्दल बोलणारे चित्रपट ही त्यांची ओळख होती. गायक म्हणून विख्यात असलेल्या जाक ब्रेल यांनी यात खेड्यातील शिक्षकाची भूमिका केली आहे आणि एमान्युएल रिव्हा त्याची पत्नी झाली आहे. एक विद्यार्थिनी शिक्षकाने अतिप्रसंग केल्याचे सांगते, मग दुसरी, मग तिसरी. गाव उलटते, शिक्षक तुरुंगात जातो, आणि पत्नी व वकील यांच्या प्रयत्नांतून एकेका मुलीच्या जबानीमागचे कारण बाहेर येते. तिथे सत्य शोधणे हाच कथेचा कणा आहे. सत्य सापडले की गुंता सुटतो, मुलींचे खोटे बोलणे उघडे पडते आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. आज तो पाहताना अभिनयाची ताकद जाणवते, आणि त्याचबरोबर मुलींकडे पाहण्याची त्या काळची नजरही बोचते : मुलींचे मन म्हणजे कल्पनांचा खेळ, असा काहीसा सूर त्यात आहे. आपल्या शिक्षिका-सभासदांना ज्या चित्रपटाची भीती वाटते, तो खरे तर हा १९६७ चा आहे.

या दोन चित्रपटांमधील सत्तावन्न वर्षांत फ्रान्समध्ये बरेच काही घडले आणि ते माहीत असल्यास दुसऱ्या चित्रपटाची सावध भाषा उलगडते. मुलांच्या तक्रारी शाळाच दडपतात, हे उघड होत गेल्यावर तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री सेगोलेन रुआयाल यांच्या काळात, २६ ऑगस्ट १९९७ रोजी, एक परिपत्रक निघाले. मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितले, तर शाळेतील कर्मचाऱ्याने ते आपल्यापाशी न ठेवता अभियोक्त्यापर्यंत पोहोचवावे, असे त्यात बजावले होते. ते आवश्यक होते. त्यानंतर उत्तर फ्रान्समधील उत्रो या गावचे, मुलांवरील लैंगिक अत्याचारांचे प्रकरण आले. २००४ मध्ये सँतोमेर येथील खटल्यात सतरा आरोपी होते. त्यांपैकी सात जण तिथेच निर्दोष ठरले आणि आणखी सहा जण डिसेंबर २००५ मध्ये पॅरिसमधील अपिलात सुटले, तोपर्यंत त्यांतील बहुतेकांनी दीर्घ काळ तुरुंगात काढला होता. एका आरोपीचा तर खटल्यापूर्वीच कोठडीत मृत्यू झाला. संसदेच्या चौकशी समितीने २००६ मध्ये न्यायाधीश, तज्ज्ञ आणि तपासाची पद्धत यांची झाडाझडती घेतली.

उत्रोबद्दल बोलताना लोक दुसरी बाजू नेहमी विसरतात, म्हणून ती सांगतो. चार आरोपी दोषी ठरले ते ठरलेच, आणि बारा मुलांवर अत्याचार झाल्याचे न्यायालयाने मान्य केले. एकाच प्रकरणात निर्दोष माणसे उद्ध्वस्त झाली आणि मुलांवरील अत्याचारही खरे होते. या दोन्ही गोष्टी एकत्र मनात धरता आल्या तरच चर्चा उपयोगाची होते, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक लोकांना ती सवय नसते; त्यांना एकच हवी असते. 'पा द व्हाग' हा या अनुभवानंतरचा चित्रपट आहे. तो मुलीला खोटारडी ठरवायला धजत नाही आणि शिक्षकाला दोषी मानायला तयार होत नाही. म्हणूनच तो सत्यशोधनाऐवजी संस्थेच्या वागण्याकडे वळतो.

चर्चा कशी घ्यावी, ते सांगतो. चित्रपट संपताच कोणाचेही मत विचारू नये. प्रत्येकाला कागद द्यावा आणि वर्गातील त्या प्रसंगात ज्युलियँ लेस्लीला नेमके काय म्हणाला, ते आठवून लिहायला सांगावे. मग काही कागद वाचून दाखवावेत. शब्द जुळत नाहीत. काहींनी लिहिलेले वाक्य प्रत्यक्षापेक्षा बरेच सौम्य असते, काहींचे बरेच भडक, आणि गंमत अशी की लिहिणारे सगळे शिक्षक असतात आणि प्रसंग पाहून जेमतेम दीड तास झालेला असतो. त्यानंतर तो प्रसंग पुन्हा लावावा. सभागृह शांत होते आणि 'मुलगी खोटे बोलली की नाही' हा प्रश्न आपसूक बदलतो. लोक विचारू लागतात की अशी जबानी कोणी, केव्हा आणि कशी घ्यायला हवी होती. इतके झाले की संचालकाचे अर्धे काम संपते.

पुढचा प्रश्न मी असा विचारतो : कथेत कोणत्या टप्प्यावर, कोणी, कोणाशी नुसते बोलायला हवे होते? उत्तरे भरपूर येतात. पत्र मिळाले त्या दिवशी लेस्लीशी एखाद्या प्रशिक्षित स्त्रीने निवांत बोलायला हवे होते. ज्युलियँला तिच्यासमोर एकट्याने जाऊ द्यायला नको होते. पालकांना शाळेने बोलावून घ्यायला हवे होते, भावाला नव्हे. शिक्षक-खोलीत अफवा फिरण्याआधी मुख्याध्यापकाने स्वतः चार वाक्ये सांगायला हवी होती. या उत्तरांत शिक्षकाचे हित आणि मुलीचे हित एकमेकांच्या आड येत नाही, हे सभासदांच्या आपोआप लक्षात येते. आपल्या दोन्ही सभासदांना एकाच बाजूला बसवण्याचा मला माहीत असलेला हा एकच मार्ग आहे.

त्यानंतर आपल्याकडचा कायदा विचारला जाणार, याची तयारी ठेवावी. एक पानभर टिपण आधीच काढून ठेवावे, कारण या विषयावर ऐकीव माहितीच अधिक असते. पोक्सो म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२. त्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्याने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे, आणि कलम २१ नुसार न कळवणे हा गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या कर्मचाऱ्याबाबतची माहिती दडवल्यास शिक्षा अधिक आहे. त्यामुळे 'शाळेची बदनामी नको, आपसांत मिटवू' हा पर्याय आपल्या मुख्याध्यापकाला कायद्याने उपलब्धच नाही. कलम २२ मध्ये, गंभीर लैंगिक गुन्ह्यांबाबत, बदनामी किंवा धमकावण्यासारख्या हेतूने खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला शिक्षा सांगितली आहे, पण तक्रार बालकाने केली असेल आणि ती खोटी निघाली तरी त्या बालकाला शिक्षा होत नाही. हे शेवटचे वाक्य ऐकल्यावर काही शिक्षक नाराज होतात. त्यांना समजावण्याची घाई करू नये. लेस्लीला शिक्षा झाली असती तर ज्युलियँचे काय परत आले असते, असे विचारून पाहावे. आपल्या गावात कोणी वकील सभासद असतील, तर हा भाग त्यांच्याकडेच सोपवावा.

आता अटी. आपल्या गावात किंवा सभासदांच्या एखाद्या शाळेत असे प्रकरण सध्या चालू असेल, तर चित्रपट पुढे ढकलावा. तिथे कितीही संयमाने बोलले तरी प्रत्येक वाक्य त्या प्रकरणावरचे मत ठरते आणि कोणाच्या तरी जबानीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. विद्यार्थी आणि शिक्षक यांना एकत्र बसवून हा चित्रपट दाखवू नये. मुले शिक्षकांच्या चेहऱ्याकडे पाहत बसतात. मुलांसाठी दाखवायचा असेल तर खेळ वेगळा ठेवावा, समुपदेशक सोबत असावा आणि गैरप्रकार झाल्यास कोणाशी बोलायचे, हे आधी सांगावे. सभासदांमध्ये स्वतः असे भोगलेली व्यक्ती असण्याची शक्यता नेहमीच धरावी, आरोपाच्या दोन्ही बाजूंची. विषयाची स्पष्ट कल्पना निमंत्रणातच द्यावी आणि मध्येच उठून जाण्याला कोणी हटकू नये. आणि 'खोट्या तक्रारी फार वाढल्या आहेत' किंवा 'अशा तक्रारी कधीच खोट्या नसतात' अशी विधाने आली, तर त्यांना आधार विचारावा. हा चित्रपट एका शाळेची गोष्ट आहे, प्रमाण किती हे त्यावरून कोणालाच काढता येणार नाही.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. चर्चेचे संचालन त्या निवृत्त मुख्याध्यापकांकडे देऊ नये आणि त्या शिक्षिकाबाईंकडेही देऊ नये. दोघांना पहिल्या रांगेत बसवावे, कागद मात्र दोघांकडूनही लिहून घ्यावेत, आणि वाचून दाखवताना नावे वगळावीत.